मोठेबाबांच्या बुलेटचं पुढचं चाक: आउट आणि सेंटरच्या नोंदी

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान सध्या थंड आहे. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की जळक्या मोटारींची रांग लागेल. तोवर मोठेबाबांच्या बुलेटचं पुढचं चाक हातावेगळं करायचं.

गाडी मद्रासची, १९७४ ची. ३४६ सीसी, दोन्ही चाकं १९ इंची, टायर ३.२५, प्रत्येक चाकाला ४० स्पोक. इंजिन ठणठणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. रोग एकच. चाळीसच्या वर गेलं आणि हॅन्डल जरा सैल धरलं की गाडी डावीकडे सरकते. आजवर ज्या ज्या मिस्त्रीनं पाहिलं त्यानं हॅन्डलचा कोन सेट बदलला, छर्रे बदलले, फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाइपांचं, तेल बदललं. एकानं टायरवर खापर फोडलं. चाकावर कुणाला संशय आला नाही, कारण फिरवून पाहिलं तर त्यात आउट, म्हणजे रिमचं इकडे-तिकडे होणं, दिसत नाही.

सायंकाळी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनखाली सागाचा ठोकळा सरकवला आणि पुढचं चाक अधांतरी केलं. फोर्कला पेनची रिफिल बांधून तिचं टोक रिमजवळ आणलं. फिरवलं. दीड-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे, एवढं जुन्या चाकाला चालून जातं. मग स्टीलची पट्टी घेतली आणि रिमच्या कडेपासून फोर्कच्या पाइपपर्यंतचं अंतर मोजलं. ब्रेकच्या ड्रमच्या अंगाला ४७ मिमी, दुसऱ्या अंगाला ५६. चाक फिरवून चार ठिकाणी मोजलं, फरक तोच.

म्हणजे चाक फिरतं सरळ, पण ते मधोमध नाही. रिम साडेचार मिलिमीटर ड्रमकडे बसलेली आहे. आउट काढणं आणि सेंटर करणं ही दोन कामं आहेत, आणि गावाकडे दुसऱ्याला कुणी विचारतच नाही. रिफिल धरून चाक कितीही फिरवा, सेंटरची चूक तिला दिसणार नाही. ती रिमच्या पूर्ण वेढ्यात सारखीच असते.

मोठेबाबा खाटेवरून पाहत होते. "काऊन बे, चांगलं चाक खोलून राहिला? आउट तं नाई ना त्यात."

"आउट नाही मोठेबाबा, पण एकीकडे बसलं आहे."

"पन्नास वर्स झाले, एकीकडेच बसलं असन मंग." त्यांनी कूस बदलली.

१० नोव्हेंबर

चाकावर आळ घेण्याआधी बाकीच्यांची झडती घेतली. एक्सल काढून खिडकीच्या काचेवर लोळवला. सरळ आहे, खालून उजेडाची फट दिसत नाही. बेअरिंग हातानं फिरवलं तर किंचित खरखर लागते, पण खेळ नाही. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर स्पोक आवळत बसण्यात काही अर्थ नसतो, म्हणून हे आधी. फोर्कच्या दोन्ही पाइपांवर काचेची पट्टी आडवी धरून पाहिली, पीळ नाही.

मागच्या चाकाशी रेष जुळते का, ते गवंड्याच्या दोरीनं पाहायचं आहे. तशी दोरी काल शेजारच्या बांधकामावरून मागून आणली, पण पुढचं चाक सेंटरला आल्याशिवाय त्या मापाला काय अर्थ? ठेवून दिली.

१२ नोव्हेंबर

चाक उतरवलं. बुलेटच्या फोर्कच्या पायाशी एक्सल टोप्यांखाली धरलेला असतो, टोपीच्या नटा काढल्या की चाक ब्रेक प्लेटसकट खाली येतं. टायर-ट्यूब काढल्यावर आतला प्रकार कळला. रिम आतून गंजून पापडासारखी सुटत होती. चाळीस स्पोकांत तीन जातींचे स्पोक निघाले. काहींची मान जाड, काहींची बारीक. काहींच्या निपलमधून, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या लहान नटेतून, स्पोकचं टोक पाच मिलिमीटर बाहेर आलेलं होतं, त्यावर कुणीतरी ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठेवला होता. पंक्चर होत नव्हतं हेच नवल.

म्हणजे मधे कधीतरी याचे स्पोक बदलले गेले, आणि ज्यानं बदलले त्यानं आउट काढला, सेंटर पाहिलं नाही. त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्या काळात या तालुक्यात बुलेटचे बरोब्बर मापाचे स्पोक कुठे मिळणार होते?

निपलांवर डिझेल टाकून रात्रभर ठेवतो.

१३ नोव्हेंबर

डिझेलचा उपयोग निम्म्या निपलांना झाला. बाकीचे स्पोक ग्राइंडरनं कापले. कापायच्या आधी सगळीकडून फोटो काढले: कोणता स्पोक हबच्या (चाकाच्या मधल्या गाभ्याच्या) कडेच्या आतून येतो, कोणता बाहेरून, कोण कोणाला कुठे छेदतो, व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी कोण आहे. कापतानाही सगळे एका बाजूचे आधी कापायचे नाहीत, समोरासमोरचे कापत जायचं, नाहीतर उरलेल्या स्पोकांचा ताण हबला एकीकडे ओढतो.

या हबला ड्रम एका अंगाला आहे. ड्रमची कड मोठी, म्हणून त्या बाजूचे स्पोक आखूड. दुसरीकडची कड लहान, तिथले स्पोक लांब. शिवाय एकाच बाजूच्या आतल्या आणि बाहेरच्या स्पोकांच्या मानेचा वाकही वेगळा असतो. सेट मागवताना "बुलेटचे पुढचे स्पोक" एवढं सांगून भागत नाही. हब कोणता, हे सांगावंच लागतं.

१६ नोव्हेंबर

सगळ्यात महत्त्वाचं माप आज घेतलं.

चाक खोलण्याआधी रिम आणि ड्रममधलं अंतर मोजून ठेवा आणि नवं चाक त्याच मापावर बांधा, असं सगळीकडे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण जुनं चाक बरोबर असेल तरच. माझ्याकडे जुनं माप आहे १९ मिमी, ड्रमच्या काठापासून रिमच्या काठापर्यंत. तेच चुकलेलं आहे. त्यावर बांधलं तर नव्या रिममध्ये जुना रोग भरल्यासारखं होईल.

म्हणून नुसता हब, ब्रेक प्लेट आणि एक्सल लावून फोर्कमध्ये बसवला, टोप्या आवळल्या. रिम नाही, स्पोक नाही. दोन पाइपांमधलं अंतर १६५ मिमी. ड्रमच्या काठापासून त्याच्या बाजूच्या पाइपपर्यंत २८. रिमची बाहेरची रुंदी ६२. म्हणजे रिम मधोमध बसली तर दोन्हीकडे साडेएक्कावन्न उरायला हवेत. साडेएक्कावन्नातून अठ्ठावीस गेले, राहिले साडेतेवीस. ड्रमच्या काठावर सरळ पट्टी ठेवली तर रिमची कड तिच्यापासून २३.५ मिमी आत हवी.

सागाच्या फळीचा तुकडा कानसून बरोब्बर साडेतेवीसचा केला, त्यावर खिळ्यानं माप कोरलं. हाच गेज. आता चाक टेबलावर असो की फोर्कमध्ये, हा तुकडा सांगेल ते खरं.

२० नोव्हेंबर

नागपूरहून रिम आली, आणि परत गेली.

रंगरूप झकास, क्रोम आरशासारखं, रुंदी बरोबर, म्हणजे ज्याला डब्ल्यूएम-२ म्हणतात ती, आतून १.८५ इंच. भोकं चाळीसच. पण रिमच्या भोकांना दिशा असते. प्रत्येक भोकाभोवतीचा खळगा थोडा तिरका दाबलेला असतो, ज्या कडेकडे स्पोक जाणार तिकडे तोंड करून. ही रिम दोन्हीकडे सारखी कड असलेल्या हबसाठी भोकलेली होती. दोन स्पोक घालून पाहिले तर निपल एकीकडे तोंड करतो आणि स्पोक दुसरीकडे. निपलच्या तोंडाशी स्पोक वाकला की तो तिथेच तुटणार, आज नाही तर सहा महिन्यांनी.

दुकानदाराचं म्हणणं, "सगळे हेच लावतात." लावत असतील. मी जुन्या रिमच्या भोकांचा फोटो पाठवला आणि बदलून मागितली. पाठवायचा खर्च माझा.

२९ नोव्हेंबर

दुसरी रिम आली. ही बरोबर. स्पोकांचा सेटही आला, लोखंडी, जस्ताचं पाणी दिलेला. स्टेनलेसचा सेट घे म्हणून पुलगावच्या मित्रानं आग्रह केला होता. चमकतो खरा, पण १९७४ ची गाडी १९७४ चीच दिसावी, एवढा माझा हट्ट.

दुकानात मोटारी यायला लागल्या. आज तीन, त्यातली एक विहिरीत पडलेली.

२ डिसेंबर

चाक गुंफलं. रात्री जेवणानंतर बसलो, लाइन गेली तेव्हा मोबाइलच्या उजेडात चाललं.

आधी ड्रमच्या बाजूचे आतले दहा, मग बाहेरचे दहा, तसंच दुसऱ्या बाजूला. निपलच्या आट्यांना आणि रिमच्या खळग्याला तेलाचा एकेक थेंब. कोरडा निपल आवळताना स्पोकलाच पिळतो, आणि आपल्याला वाटतं ताण आला. सगळे निपल सारखेच, स्पोकच्या आट्या जेमतेम झाकेपर्यंत फिरवले. इथून पुढे मोजून काम, म्हणून सगळ्यांची सुरुवात एका रेषेवर हवी.

एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. टायरच्या अंगानं निपलच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घातला तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की आवळतं. तेच काम हबकडून बघत चावीनं केलं तर उलटं दिसतं. रिमवर खडूनं बाण काढून ठेवला.

५ डिसेंबर

सायकलवाल्या काकांकडे चाक घेऊन गेलो. वय सत्तरीच्या पुढे, तालुक्यातल्या निम्म्या सायकलींचा आउट त्यांनी काढलेला. डायल गेज (काट्यानं बारीक फरक दाखवणारं माप) वगैरे काही नाही, अंगठ्याच्या नखाजवळ खडूचा तुकडा धरतात आणि चाक फिरवतात. खडू जिथे लागला तिथे रिम बाहेर आलेली. खडू हळूहळू जवळ नेत जायचा, सगळ्यात उंच जागा आधी बोलते.

मी हलणाऱ्या रिमकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "ते मागाहून. आधी उडनं काढ, मंग हलनं."

उडणं म्हणजे रिम वर-खाली होणं, हलणं म्हणजे डावी-उजवी. हलणं डोळ्याला आधी दिसतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. पण उडणं काढायला दोन्ही बाजूंचे स्पोक एकदम आवळावे किंवा सोडावे लागतात, आणि त्यात आधी काढलेलं हलणं पुन्हा बिघडतं. उलट क्रमानं गेलं तर बिघाड कमी होत जातो. रिम जिथे उंच, तिथले दोन्हीकडचे स्पोक आवळायचे, रिम आत येते. जिथे खोल, तिथले सोडायचे. एका वेळी पाव वळसा, मधल्या जोडीला पाव आणि शेजाऱ्यांना त्याच्या निम्मं. एकाच स्पोकवर सगळा राग काढला तर तिथे नवा कोपरा तयार होतो.

काकांनी चहा मागवला, चाक माझ्याकडून फिरवून घेतलं आणि स्वतः हात लावला नाही. "तुलेच शिकनं हाय ना."

७ डिसेंबर

घरी स्टँड बनवलं. जुन्या पंपाची बेसप्लेट, त्यावर दोन अँगल, त्यात एक्सल. लेथवाल्या भाऊकडून डायल गेज उसना आणला. त्यानं चुंबकी पायासकट दिला आणि "पाडशील तर जावई म्हणून ठेवून घेईन" असं बजावलं.

सुरुवातीचं माप: उडणं ३ मिमी, हलणं ४.

रिमच्या जोडावर गेज टुणकन उडी मारतो. तो वेल्डिंगचा उंचवटा, तो स्पोकनं जात नाही. त्याला तसंच सोडणं हेच खरं, त्याच्या दोन्हीकडची जागा सरळ आली की झालं. जोड सरळ करायच्या नादात लोक दोन्ही बाजूंची रिम बिघडवतात.

१० डिसेंबर

उडणं ०.६ पर्यंत आलं, जोडावर ०.८. जपानी गाड्यांच्या पुस्तकांत दोन्हीकडे २ मिमीपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, त्या हिशेबानं हे छानच. हलणं अजून दोनच्या आसपास, त्याला अजून हात लावला नाही.

आधी गेज ठेवला. साडेतेवीसचा सागाचा तुकडा ढिला बसतो. पट्टीनं मोजलं, २६. म्हणजे रिम आता ड्रमपासून अडीच मिलिमीटर जास्त दूर. सेंटर आत्ताच आणायचं, कारण हलणं आधी काढलं आणि मग पूर्ण रिम सरकवली, तर हलण्याचं काम पुन्हा करावं लागतं.

यात एक गणित आहे. निपलचा एक पूर्ण वळसा म्हणजे स्पोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त आखूड होतो. पण स्पोक आडवा नाही, जवळजवळ उभा आहे, थोडासाच तिरका. म्हणून स्पोक एवढासा ओढला तरी रिम बाजूला त्याच्या कितीतरी पट सरकते. एका बाजूचे सगळे एक वळसा आवळले आणि दुसरीकडचे सगळे एक वळसा सोडले, तर रिम साधारण तीन मिलिमीटर जाते. मला अडीच हवे होते. पलीकडचे वीस स्पोक पाव वळसा सोडले, ड्रमकडचे वीस पाव वळसा आवळले. व्हॉल्व्हपासून सुरू, व्हॉल्व्हला संपवलं. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. पाऊण वळशानंतर तुकडा दोन बोटांत धरून सरकवला तर रिमला घासत गेला.

आधी सोडायचं, मग आवळायचं, हे विसरायचं नाही. नाहीतर ताण उगाच वाढतो आणि निपलच्या आट्या कुरतडतात.

१४ डिसेंबर

दिवसभर दुकान. हरभऱ्याचं पाणी जोरात आहे, रात्रीच्या पाळीची लाइन असल्यानं शेतकरी झोपेत पंप सुरू करतात आणि एक फेज गेलेला कळत नाही. मोटार जळते. चाक भिंतीला टेकून होतं.

१७ डिसेंबर

हलणं काढलं. ०.५. गेजचा काटा आता फक्त जोडावर चाळवतो.

ताण तपासला. छोट्या पान्यानं प्रत्येक स्पोकला टिचकी मारत गेलो. ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला बसक्या आवाजात बोलतो. एका बाजूच्या विसांचा आवाज साधारण एकसारखा यायला हवा. दोन बाजू एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत असं नाही. हबची जी कड रिमच्या मध्याला जवळ असते, तिकडचे स्पोक जास्त उभे, आणि तिकडचा ताण जास्तच राहणार. हे माहीत नसेल तर माणूस दोन्ही बाजूंचा आवाज एक करायला जातो आणि मेहनतीनं आणलेलं सेंटर घालवतो.

दोन स्पोक बसके निघाले. ते आवळले तर हलणं ०.९ झालं, म्हणजे रिम तिथे ताणाशिवायच सरळ होती. शेजाऱ्यांना थोडं सोडून, थोडं आवळून ०.६ वर आणलं. सरळ पण ढिल्यापेक्षा किंचित वाकडं पण सारख्या ताणाचं चाक मला केव्हाही चालेल.

मग छेदणाऱ्या स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरानं दाबल्या, सगळीकडे. कडकड आवाज येतो, स्पोकची मान हबच्या भोकात आणि निपल खळग्यात नीट बसतो. पुन्हा मोजलं, ०.७. पुन्हा थोडं काम.

२१ डिसेंबर

वाढई काका आले होते, त्यांच्या बंडीच्या चाकांना अजून मागणी आहे. चाक हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "हे तार उभी राह्यते तरी कशी? वजन पडलं तं वाकन ना."

त्यांच्या चाकात तुंब्यावर (मधल्या लाकडी गाभ्यावर) वजन येतं, खालचा आरा ते पुठ्ठ्यावर (लाकडी घेरावर) ढकलतो आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव सगळ्याला आवळून धरते. आरा दाबला जातो म्हणून तो मनगटाएवढा जाड. तारेचं चाक याच्या उलट. सगळ्या तारा आधीच ओढून ठेवलेल्या असतात. वजन आलं की खालच्या तारांचा ताण कमी होतो, एवढंच. जोवर तो शून्यावर जात नाही तोवर चाक ठीक. ढिल्या तारेचा ताण मात्र प्रत्येक खड्ड्यात संपतो आणि पुन्हा येतो, आणि ती मानेशी तुटते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे तुह्या चाकाले धाव आतून हाय." मला याहून बरं सांगता आलं नसतं.

तारेच्या ताणाचं चाक इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडलं होतं, तेही उडणाऱ्या यंत्राच्या चाकांचं वजन वाचावं म्हणून. आणि स्पोक हबमधून सरळ निघण्याऐवजी तिरके, कडेला चाटून निघावेत, याचं पेटंट जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये घेतलं. तिरके कशाला, ते ब्रेक दाबल्यावर कळतं. ड्रम थांबतो, रिमला अजून पळायचं असतं. तेव्हा हबला पीळ बसतो. सरळ स्पोक असता तर आधी वेडावाकडा होऊन मग ओढला गेला असता. तिरका स्पोक त्याच क्षणी ओढला जातो.

२४ डिसेंबर

लेथवर चाक. स्पोक आवळल्यावर ड्रम थोडा अंडाकृती होऊ शकतो, म्हणून ड्रमला छटाक देणं, म्हणजे लेथवर आतून बारीक थर काढणं, हे चाक बांधून झाल्यावरच करायचं. आधी ड्रम, मग स्पोक, अशा क्रमानं केलं तर छटाक वाया.

रिमसकट चाक लेथच्या बेडला आपटत होतं. लेथवाल्या भाऊनं बेडमधला गॅपचा तुकडा काढला, तेव्हा चाक फिरलं. कीस अगदी कागदासारखा निघाला, पहिल्या फेरीत ड्रमच्या अर्ध्याच भागाला धार लागली. म्हणजे अंडाकृती होताच. दुसऱ्या फेरीत सगळीकडे चकाकी. भाऊनं पैसे घेतले नाहीत, गेज मात्र लगेच मागून घेतला.

२७ डिसेंबर

निपलबाहेर आलेली स्पोकांची टोकं रिमच्या आतून कानसून सपाट केली. बोट फिरवून पाहिलं, कुठे बोचत नाही. ट्यूबखालची नवी फ्लॅप पट्टी, नवी ट्यूब. टायर साबणाच्या पाण्यानं चढवला, आधी जास्त हवा भरून कड सगळीकडे वर आणली, मग उतरवून २० पौंड ठेवली. टायरच्या बाजूला कडेलगत एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. ती वाकडी असली तर टायर उड्या मारतो आणि माणूस पुन्हा स्पोकची चावी हातात घेतो.

चाक फोर्कमध्ये बसवलं. टोप्यांच्या नटा आधी सैल ठेवून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी पाच-सहा वेळा खाली दाबून सोडली, एक्सल आपल्या जागी बसतो. मग नटा आवळल्या. दोन्ही बाजू मोजल्या: ५१ आणि ५२. पट्टीच्या जाडीत बसेल एवढा फरक. मोठेबाबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पट्टी स्वतःच धरली आणि दोन्ही माप मोठ्यांदा वाचले.

२८ डिसेंबर

आता गवंड्याची दोरी. मागच्या टायरच्या मागून घेतली, दोन्ही बाजूंनी पुढे आणली, ठोकळ्यांवर जमिनीपासून सारख्या उंचीवर. दोन्ही टायर सारखेच ३.२५ असल्यानं हिशेब सोपा, दोरी चारही जागी टेकली पाहिजे. एका बाजूला पुढच्या टायरच्या मागच्या कडेला तीन मिलिमीटर फट. म्हणजे मागचं चाक किंचित तिरकं.

बुलेटच्या मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना खाचांच्या गोल चकत्या असतात, चेन ताणायला त्या फिरवायच्या. दोन्हीकडे सारख्या खाचा मोजल्या की चाक सरळ, असं मानतात. इथे खाचा सारख्याच होत्या, तरी चाक तिरकं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा दोष असेल किंवा चकत्यांची झीज. खाचांवर विश्वास न ठेवता दोरीवर ठेवला, एका बाजूला एक खाच पुढे.

३० डिसेंबर

सकाळी सातला रस्ता मोकळा असतो. पुलगावच्या दिशेनं गेलो. साठपर्यंत हॅन्डलवर नुसते तळहात टेकवले. अजून थोडीशी डावीकडे जाते, पण ती रस्त्याची करणी. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, आपण डाव्या उतारावर चालवतो. रस्ता रिकामा पाहून मधोमध घेतली, तिथे नाकासमोर गेली.

ब्रेक आधीसारखा फडफडत नाही. ते श्रेय लेथचं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला-घ्यायला गाडीनंच फिरलो, त्या निमित्तानं तीनेकशे किलोमीटर झाले. चाक उचलून पुन्हा टिचकी मारली. ड्रमच्या बाजूचे दोन आणि पलीकडचा एक बसके झाले आहेत. पाव-पाव वळसा. हलणं ०.८, सेंटर जागेवर. नवे स्पोक बसतात, त्यात काही नवल नाही, पण हे पहिल्या काही शे किलोमीटरात बघितलं नाही तर एक ढिला राहून बाकीच्यांवर भार जातो.

मोठेबाबांनी आर्वीपर्यंत चालवून आणली. येऊन एवढंच म्हणाले, "आता दुसरं चाकही पाहून घे."

मागच्या चाकाची रिम ठीक दिसते, पण हबमधले धक्का झेलणारे कश रबर दगड झाले आहेत, गिअर टाकला की खट्ट आवाज येतो. एक्सल ओढून चाक काढलं की ड्रम आणि चेन जागेवरच राहतात, ही एक या गाडीची सोय. रबरांचा सेट मागवला आहे. तोवर तुरीचं काढणं.